धुरपताचा अबोला

जिजाबाईंनी ट्रेमधलं दुसरं थर्मामीटर उचललं, झटकलं, आणि नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाईच्या काखेत ठेवून तिचा दंड वरून दाबून धरला. पहिल्या थर्मामीटरमधला पारा जागचा हललाच नव्हता. ते बिघडलं असेल, असं त्यांना वाटलं होतं. दोन मिनिटं झाल्यावर त्यांनी दुसरं काढून खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. याही खेपेला पारा पंच्याण्णवच्या खालीच बसून होता.

बाई बेशुद्ध होती. चेहरा सुजलेला, पापण्या पाणी भरल्यासारख्या, ओठ जाड आणि निळसर. श्वास इतका सावकाश की एकानंतर दुसरा येईपर्यंत जिजाबाईंना तिच्या छातीकडे पाहत थांबावं लागत होतं. कातडी कोरडी, खरबरीत आणि जानेवारीतल्या फरशीसारखी गार. किडनीचा आजार असावा, असा त्यांनी मनाशी अंदाज बांधला. त्या नुकत्याच सकाळच्या ड्यूटीवर आल्या होत्या. केसपेपर अजून हातात आला नव्हता.

"विमलाबाई, गरम पाण्याच्या दोन पिशव्या भरून आणा," त्यांनी आयाला सांगितलं. "जरा लवकर."

पिशव्या आल्या. एक त्यांनी बाईच्या पायाशी ठेवली, एक कुशीत. वरून कांबळं खोचत असताना वॉर्डच्या दारातून मफलर गुंडाळलेला एक माणूस केसपेपर घेऊन आत आला. तो प्रेमदास होता, त्यांचा धाकटा भाऊ. रोहण्याच्या शाळेत तो शिपाई होता.

"तू इथं काऊन आला रे?" जिजाबाई म्हणाल्या. "कोणाले आणलं?"

प्रेमदासनं केसपेपर खाटेच्या कडेला ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "मले वाटलं, तू वळखलं तिले."

जिजाबाईंनी वळून पाहिलं. त्या सुजलेल्या चेहऱ्यात त्यांनी काहीतरी ओळखीचं शोधलं. मग डाव्या कानाच्या पाळीला गेलेला तडा दिसला. जिजाबाईंची लहानगी लेक कुंदा कडेवर असताना तिनं बाळी ओढली होती, तेव्हाचा. खाटेवर त्यांची भावजय होती. धुरपता. गेला पाव तास त्या तिचे हातपाय हलवत होत्या.

"कवापासून असं?"

"आठ दिवस खोकला होता. खोकल्यानं झोप लागत नाई म्हणून एका डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या देल्ल्या. परवापासून उठलीच नाई. अंग लय गार पडलं म्हणून आम्ही खाटेखाली शेगडी ठेवली. आज अंधारातच कापसाचा मेटाडोर पुलगावले निघाला होता, त्याच्यात टाकून आणली."

डॉ. उमाटे राउंडला आले तेव्हा जिजाबाई रक्तदाब घेत होत्या. उमाटे तरुण होते, नुकतेच एम.डी. होऊन आलेले. त्यांनी बाईच्या डोळ्यांत टॉर्च मारला, छाती ऐकली, पोट दाबून पाहिलं.

"किडनी असेल, नाहीतर मेंदूत रक्तस्राव. प्रेशर किती?"

"मघाशी नव्वद होतं, साहेब. आता सत्तर."

"कमी का होतंय?"

जिजाबाईंनी दंडाचा पट्टा पुन्हा आवळला. उमाट्यांना मानेची शीर पाहायची होती म्हणून त्यांनी धुरपताच्या गळ्यातली काळी पोत बाजूला सारली. खाली, गळ्याच्या दोन्ही हाडांमधल्या खोबणीच्या थोडी वर, एक फिकट आडवी रेघ होती. सुरकुतीसारखी. माहीत नसतं तर कुणाच्या लक्षातही आली नसती.

जिजाबाईंना माहीत होती. चौऱ्याहत्तर साली नागपूरला धुरपताचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच तिच्यासोबत होत्या. टाके त्यांनीच रोज पाहिले होते. घरी सोडताना सर्जन त्यांना म्हणाले होते, "सिस्टर, गाठीसोबत बरीचशी ग्रंथी काढावी लागलीय. हिला दर सहा महिन्यांनी दाखवत जा." पहिल्या वर्षी त्यांनी दोनदा दाखवलं. मग कुंदाची मॅट्रिक आली, त्यांची बदली झाली, धुरपता चांगली हिंडतफिरत होती. विसरल्या म्हणावं, तर एका दिवसात विसरल्या नव्हत्या. हळूहळू राहून गेलं होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हिचं थायरॉईडचं ऑपरेशन झालंय. नऊ वर्षांपूर्वी. गोळ्या वगैरे काही चालू नाहीत."

उमाटे थबकले. त्यांनी धुरपताच्या भुवया पाहिल्या. बाहेरच्या टोकाचे केस झडून गेले होते. मग खिशातली हातोडी काढून तिचा पाय आडवा धरला आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हलकेच मारलं. पाऊल झटक्यानं पुढे गेलं, पण परत येताना रेंगाळलं, जणू परत यायचं की नाही हे ठरत नव्हतं. त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा तसंच.

"पिशव्या काढा आधी," ते म्हणाले. "गरम पाण्याच्या. दोन्ही."

जिजाबाईंनी पिशव्या ओढून काढल्या.

"हिच्या अंगात थायरॉईडचं काही उरलेलंच नाही. शरीर वर्षानुवर्षं विझत आलंय. अशा पेशंटला बाहेरून शेकलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि प्रेशर कोसळतं. नुसती कांबळी घाला. आतून गरम झाली पाहिजे ती." बोलता बोलता ते कागदावर लिहीत होते. "रक्त काढून ठेवा, तपासणीला मुंबईला जाईल. तीन आठवडे लागतील रिपोर्टला, तोपर्यंत थांबायचं नाही. आधी हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून. मग थायरॉक्सीन. शिरेतून द्यायचं इथं मिळत नाही. गोळ्या आणा, चार कुटून नाकातल्या नळीतून सोडा. छातीत कफ आहे, त्याचं पेनिसिलिन. ग्लुकोज सलाईन, अगदी सावकाश. झोपेचं औषध पुन्हा एकही जाता कामा नये. आणि तिच्या श्वासावरून नजर काढू नका."

"वाचेल?" प्रेमदासनं विचारलं.

"अर्ध्याअधिक वाचत नाहीत," उमाटे म्हणाले. त्यांना खोटं बोलायची अजून सवय झाली नव्हती. "हे एका दिवसातलं नाही. तीन-चार वर्षं तरी अंगावर दिसत असणार. आवाज घोगरा होतो, सूज येते, थंडी सोसत नाही, माणूस मंद होतो. कुणाला दाखवलं नाही का तुम्ही?"

"घरातच सिस्टर हाय, साहेब," प्रेमदास म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा अभिमानच होता. "काई असतं त बाईले दिसलं असतं."

उमाट्यांनी जिजाबाईंकडे पाहिलं आणि लगेच कागदाकडे. जिजाबाई चिठ्ठी घेऊन गोळ्या आणायला निघाल्या. रुग्णालयाच्या भांडारात त्या नव्हत्या. स्टेशनजवळच्या तिसऱ्या दुकानात मिळाल्या. परत येताना त्या चक्क धावत होत्या. पांढऱ्या साडीतली, पंचेचाळिशीची बाई रस्त्यानं धावताना पाहून रिक्षावाले बाजूला झाले.

नवजात बाळांच्या वॉर्डातून कमी अंशांचं थर्मामीटर आणलं. त्यात धुरपताच्या अंगाचं तापमान दिसलं. एकोणनव्वद.

पुढचे तीन दिवस जिजाबाईंनी ड्यूटी संपली तरी वॉर्ड सोडला नाही. नळीतून गोळ्यांची पूड सोडायची, दर तासाला नाडी मोजायची, कूस बदलायची. श्वास फारच लांबला की छाती थोपटून तिला हाका मारायच्या. केस विंचरताना कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येत. ते त्या कागदात गुंडाळत, जणू ते कुणाला दिसू नयेत.

एकोणीस वर्षांच्या असताना जिजाबाईंचं लग्न झालं, बाविसाव्या वर्षी नवरा गेला. पदरात दीड वर्षाची कुंदा. नागपूरला नर्सिंगला नंबर लागला तेव्हा होस्टेलवर मूल चालत नव्हतं. धुरपताच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. स्वतः सतरा-अठरा वर्षांची पोर. तिनं कुणी विचारायच्या आत म्हटलं होतं, "ठेवा माह्याजोळ. मी पाहतो तिले." तीन वर्षं तिनं कुंदाला सांभाळलं. सुटीवर गेल्या की कुंदा जिजाबाईंना घरातल्या सगळ्यांसारखी 'बाई' म्हणायची आणि धुरपताला 'माय'.

त्याच कुंदाच्या लग्नात धुरपता मांडवाच्या कडेला बसून राहिली होती. दोन वर्षं होत आली त्याला. उन्हं तापायला लागलेल्या दिवसांत तिच्या अंगावर स्वेटर आणि वरून शाल. काही विचारलं तर बऱ्याच वेळानं, जड आवाजात एखादा शब्द. कुंदा सासरी निघाली, सगळ्या बाया रडल्या, धुरपता तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसती उभी. संध्याकाळी जिजाबाई प्रेमदासला म्हणाल्या होत्या, "माह्या पोरीच्या लग्नात तुह्या बायकोनं असं तोंड फुगवून बसाव?" त्यानंतर त्या रोहण्याला गेल्या नाहीत. प्रेमदास अधूनमधून यायचा, "बरी हाय" म्हणायचा.

तोंड फुगवून. तिसऱ्या दिवशी त्या सुजलेल्या गालांवरून ओला कपडा फिरवताना जिजाबाईंचा हात थांबला. फुगलेलं तोंड त्यांना तेव्हाही दिसलं होतं. वीस वर्षं रोगी पाहणाऱ्या बाईला त्यात फक्त राग दिसला होता.

चौथ्या दिवशी सकाळी पारा शहाण्णववर गेला. दुपारी धुरपतानं डोळे उघडले. बराच वेळ छताकडे पाहिलं, मग प्रेमदासकडे.

"म्हैस कोण धुते?" तिनं विचारलं.

प्रेमदास खाटेच्या दांड्याला धरून रडायला लागला. उमाटे राउंड सोडून आले, त्यांनी तिला जीभ दाखवायला लावली, नाव विचारलं, गाव विचारलं आणि जिजाबाईंकडे पाहून पहिल्यांदा हसले.

"ऑपरेशनचं तुम्ही सांगितलं नसतं, तर मी किडनी म्हणून बसलो असतो," ते म्हणाले. "तुमच्यामुळं वाचली ती, सिस्टर."

जिजाबाईंनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे उमाट्यांना कळलं नाही.

धुरपता दिवसेंदिवस माणसात येत गेली. पापण्यांचं पाणी ओसरलं. घोगरेपणातून तिचा जुना आवाज थोडा थोडा बाहेर यायला लागला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी ती तुरीच्या भावावर बोलायची, विमलाबाईशी बोलायची, उमाट्यांना "डॉक्टरसाहेब, तुमी जेवले का?" विचारायची. जिजाबाईंनी काही विचारलं तर उत्तर द्यायची. हो, नाही, दुखत नाही.

जिजाबाईंना त्यात वेगळं काही वाटलं नाही. आजार पुरता उतरला नसेल. उलट, त्यांच्या मनावरचं एक ओझं हलकं होत होतं. दोन वर्षं ज्याला त्या अबोला समजत होत्या, तो अबोला नव्हताच. जीभ जड झाली होती, मन मंदावलं होतं. धुरपतानं राग धरलाच नव्हता. चूक आपल्या पाहण्यातली, आणि ती चूक आता कबूल करता येण्यासारखी होती. कोणत्या शब्दांत करायची, ते त्यांनी दोन दिवस घोळवलं.

बाराव्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत होता. खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. धुरपता उठून बसली होती आणि जिजाबाई तिच्या भेगाळलेल्या टाचांना तेल लावत होत्या.

"धुरपता," त्या म्हणाल्या, "मी तुले लय वाईट समजली. कुंदाच्या लग्नात तू बोलली नाई, मले वाटलं राग धरला. बिमारी होती ते मले दिसलं नाई. मी सिस्टर असून."

धुरपतानं पाय मागे घेतला नाही, पण तो थोडा ताठ झाला.

"बोलणं जड झालतं," ती म्हणाली. "डोक्यात शब्द राहे, पण तोंडापर्यंत येता येता लोक उठून जात. ते खरं हाय."

"तेच म्हणतो मी. बिमारीच होती."

"कुंदा गेली तवा मले रडाचं होतं. रडूच आलं नाई. ते बिमारीनं." ती म्हणाली. "पण तुमच्याशी बोलत नव्हती, ते बिमारीनं नाई, बाई."

जिजाबाईंनी वर पाहिलं.

"कुंदाले पाहाले पाहुणे आलते ना, लग्नाच्या आधीच्या वर्षी? त्या दिवशी मी आलती. तुमच्या क्वार्टरवर."

"तू? कवा?"

"पाय सुजत. हिव लागे, भर उन्हाळ्यात. आवाज बसला तो सुटेच ना. म्हटलं, गळ्याचंच काई असन. बाईले दाखवू, बाईनंच ऑपरेशन करवलतं. घरी कोणाले सांगतलं नाई, एकटीच बसनं आली. तुम्ही मले मागच्या अंगणात बसवलं. म्हटलं, अंदर पाहुणे हायत, इथंच बस. मी बसली." ती घाईनं बोलत नव्हती. शेतातून घरी येईपर्यंतची वाट सांगावी तसं सांगत होती. "मंग तुम्ही आल्या. हातात ताटल्या होत्या. दारातूनच म्हटलं, बसून बसून अंग आलं तुले, धुरपता, काम करत जाय. गळा पाहिला नाई. अंदरून कोणीतरी इचारलं, कोण आलती? तुम्ही म्हटलं, गावची बाई हाय, दवाखान्याच्या कामानं आली."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. त्याचं एक चाक वाजत होतं.

"कुंदा लुगड्यात कशी दिसते, तेवढं पाहून जाईन म्हटलं," धुरपता म्हणाली. "पण बसची येळ झाली."

जिजाबाईंना तो दिवस आठवत होता. पोह्यांच्या ताटल्या, मुलाच्या वडलांना बिनसाखरेचा चहा, कुंदाच्या साडीच्या निऱ्या सारख्या सुटत होत्या त्या. मागचं अंगणही आठवत होतं. तिथं बसलेली धुरपता मात्र कितीही आठवून पाहिलं तरी डोळ्यांसमोर येत नव्हती. असं काही घडलंच नाही, असं म्हणायला त्यांची जीभ एकदा वळली. पण धुरपता खोटं बोलत नाही, हे त्यांना पंचवीस वर्षं माहीत होतं.

"मले आठवतच नाई," त्या म्हणाल्या.

"हो," धुरपता म्हणाली. "मले वाटलंच."

"तवापासून नाई बोलली?"

"तवापासून. जीभ जड झाली ते मागून."

तेलाची वाटी जिजाबाईंच्या हातात तशीच होती. त्यांनी घोळवून ठेवलेले शब्द वेगळ्या चुकीसाठी होते. या चुकीला ते पुरत नव्हते.

"राग हाय अजून?" त्यांनी विचारलं.

धुरपतानं पाय ओढून घेतला आणि कांबळ्याखाली सरकवला.

"गोळी कवा घ्याची, ते नीट सांगून द्या," ती म्हणाली. "उपाशीपोटी का जेवून?"

"उपाशीपोटी. सकाळी उठल्याबरोबर."

"किती दिवस?"

"जन्मभर. एकही दिवस सोडाची नाई."

"बरं," धुरपता म्हणाली.

तिला घरी सोडलं त्या दिवशी जिजाबाई बसस्टँडपर्यंत गेल्या. महिन्याच्या गोळ्या मी स्वतः रोहण्याला आणून देत जाईन, असं त्यांनी सांगितलं. प्रेमदास "हो" म्हणाला. धुरपता म्हणाली, "नको. मी येईन. डॉक्टरनं तपासाले बोलावलं हाय." मग खिडकीशी बसून ती पदरानं सीट पुसत राहिली आणि बस निघाली.

मुंबईचा रिपोर्ट नंतर आठवड्याभरानं आला. उमाट्यांनी तो जिजाबाईंना दाखवला. आकडा जवळजवळ शून्यच होता. जिजाबाईंनी कागद दोन्ही हातांनी धरून तो बराच वेळ वाचला, जणू त्यात आणखी काही लिहिलं असेल.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी जिजाबाई औषधांची मागणी घेऊन भांडाराकडे निघाल्या होत्या. मागणी घ्यायची खिडकी दहालाच बंद व्हायची. पाच मिनिटं उरली होती. बाह्यरुग्ण विभागासमोरच्या गर्दीतून वाट काढताना समोर धुरपता येऊन उभी राहिली. सूज उतरून चेहरा पहिल्यासारखा निमुळता झाला होता. भुवयांना बारीक लव आली होती. तिनं एका तरुण बाईचा दंड घट्ट धरला होता.

"गोळ्या बराबर घेतो," धुरपता म्हणाली. जिजाबाईंनी विचारण्याआधीच. मग तिनं त्या बाईला पुढे केलं.

"हे आमच्या गल्लीतली रुख्मा. खाते लय, तरी वाळून चालली. हात कापतात. चार दिवसांपासून ताप हाय, उलट्या होऊन राह्यल्या, काईबाई बडबडते. घरचे म्हणतात डोकं फिरलं, मी म्हटलं, मी नेतो." तिनं रुख्माची मान वर केली. "इचा गळा पाहा. नीट पाहा."

एवढं बोलून तिनं रुख्माचा दंड सोडला आणि स्वतःचा कागद हातात घेऊन ती बायांच्या रांगेत सर्वांत मागे जाऊन उभी राहिली. तिनं वळून पाहिलं नाही.

जिजाबाईंनी मागणीचे कागद बाकावर ठेवले. रुख्माला बाकावर बसवून तिची हनुवटी उजेडाकडे वळवली. डोळे मोठे, पापण्या वर ओढल्यासारख्या. गळ्यावर मऊ फुगीर गाठ, आणि बोटं टेकवली तर तिच्यातून थरथर येत होती. हाताला चटका बसावा इतकं अंग तापलेलं, पोलकं घामानं चिंब. धुरपताच्या अंगात थायरॉईड विझलं होतं, हिच्या अंगात ते भडकलं होतं.

"नाव काय तुझं?"

"रुख्... रुख्माबाई," तिचे ओठ कापत होते. "मले घरी जाऊ द्या."

"जाशील," जिजाबाई म्हणाल्या. "विमलाबाई, ट्रॉली आणा. आणि डॉक्टर उमाटेंना म्हणावं, असतील तिथून या. आत्ताच."

मग त्या तिच्यासमोर फरशीवरच टेकल्या, तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहत नाडी मोजायला लागल्या. भांडाराची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. कुणीतरी "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाक मारली. सेकंदकाटा पुरता फिरून बारावर येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.